आराखड्यात कडबा कुठे आहे?

गेल्या महिन्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला एका प्रकल्प आराखड्याचा मसुदा वाचायला पाठवला. पूर्व इथिओपियाच्या डोंगराळ भागातील ज्वारीचे उत्पादन वाढवण्यासाठी बाहेरून तांत्रिक साहाय्य देण्याचा तो प्रकल्प आहे आणि आराखडा तयार करणाऱ्या चमूत हा विद्यार्थी आहे. मसुदा नेटका होता. पहिल्याच तक्त्यात आजचे दर हेक्टरी उत्पादन आणि पाचव्या वर्षीचे अपेक्षित उत्पादन शेजारीशेजारी मांडले होते. पुढे वाण, खतमात्रा, प्रशिक्षणवर्ग, वाहने, संगणक आणि तज्ज्ञांचे दौरे असे सारे क्रमाने आले होते. मी तो दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा एकच गोष्ट शोधत राहिलो. ज्वारीच्या ताटाचे, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत कडब्याचे, काय होणार याबद्दल त्यात एक ओळही नव्हती.

माझी नोकरीची बहुतेक वर्षे मराठवाड्यात ज्वारीच्या प्रयोगांवर गेली, त्यामुळे माझे लक्ष तिथे जाणे स्वाभाविक होते. परंतु हा केवळ एका म्हाताऱ्या ज्वारीवाल्याचा हट्ट नाही. अन्नधान्य वाढवण्यासाठी परदेशी साहाय्याने जे मोठे प्रकल्प आपल्या देशात राबवले गेले, त्यांचा इतिहास मी जसजसा वाचत आणि अनुभवत गेलो, तसतसे माझे एक मत पक्के होत गेले आहे: प्रकल्पाच्या आरंभी ज्या वस्तूचे वजन होत नाही, ती वस्तू प्रकल्पाच्या शेवटी त्याला अडवायला उभी राहते. विद्यार्थ्याला उत्तर लिहिता लिहिता ते लांबत गेले, म्हणून तेच इथे सविस्तर मांडतो.

सुरुवात वजनापासूनच करावी लागेल. एखाद्या देशाचे धान्य किती पिकते हे नीट ठाऊक असल्याखेरीज ते वाढवण्याचा आराखडा करता येत नाही आणि ही माहिती आपल्याकडे फार उशिरा विश्वासार्ह झाली. पूर्वी गावचा तलाठी नजरेने पीक पाहून आणेवारी ठरवत असे. ती पद्धत सारा माफ करायचा की नाही एवढे ठरवायला पुरेशी होती, पण देशाला किती धान्य आयात करावे लागेल हे तीवरून सांगणे धाडसाचे होते. १९४० च्या दशकात पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि विनायक गोविंद पानसे या दोघा मराठी संख्याशास्त्रज्ञांनी यादृच्छिक निवडीने केलेल्या पीक कापणी प्रयोगांची पद्धत देशभर रुजवली. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले सुखात्मे पुढे १९५१ पासून रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत संख्याशास्त्राचे काम पाहत होते, त्यामुळे त्यांच्या पद्धतीचा लाभ इतर देशांनाही झाला. त्यांनी दाखवून दिलेली एक बारीक गोष्ट मला आजही मोलाची वाटते. कापणीसाठी आखलेला तुकडा फार लहान असेल, तर हद्दीवरची ताटे नकळत आत धरली जातात आणि उत्पादन प्रत्यक्षाहून जास्त निघते. माणूस लबाड नसतो. दोरी जिथे ताटाला टेकते तिथे ते ताट आपले मानण्याकडे हाताचा कल असतो, इतकेच.

विद्यार्थिदशेत मी स्वतः असे प्रयोग केले आहेत. १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद तुकडा आखायचा, कणसे कापायची, मळणी करून दाणे वजनकाट्यावर घालायचे आणि आकडा तक्त्यात भरायचा. कडबा बांधावर पडून राहायचा. मी पाहिलेल्या एकाही प्रयोगात त्याचे वजन झाले नाही. ज्याच्या शेतात आम्ही कापणी करत होतो तो शेतकरी मात्र आम्ही निघताच आधी पेंढ्या मोजायला जाई, कारण त्याच्या बैलांचे पुढचे आठ महिने त्या पेंढ्यांवर अवलंबून होते. आमचा तक्ता आणि त्याची मोजणी यांच्यातले हे अंतर मला त्या वयात कळले नव्हते.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे परदेशी साहाय्याकडे. या प्रकारच्या आधुनिक प्रकल्पांचा नमुना मेक्सिकोत तयार झाला. १९४१ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानने तीन शास्त्रज्ञांना तो देश पाहून यायला पाठवले. त्यांच्या शिफारशींवरून १९४३ मध्ये काम सुरू झाले आणि १९४४ मध्ये नॉर्मन बोरलॉग हे अमेरिकी कृषिशास्त्रज्ञ त्यात दाखल झाले. या कामासाठी वेगळी परदेशी संस्था उभी न करता तिथल्या कृषी मंत्रालयाच्या आतच एक कार्यालय उघडण्यात आले आणि स्थानिक तरुणांना हाताशी धरून शिकवण्यावर भर दिला गेला. बोरलॉग यांनी एकाच वर्षात दोन पिढ्या घेण्यासाठी वायव्येकडील सोनोरातील सखल, बागायती शेते आणि तोलुकाजवळचे उंच पठार यांच्यात बियाण्याची ये-जा सुरू केली, तेव्हा वरिष्ठांचा त्याला विरोध होता. हेतू केवळ वेळ वाचवण्याचा होता. मात्र दोन इतक्या भिन्न ठिकाणी तगून राहिलेल्या वाणांत दिवस लहान-मोठा असण्याने फारसे न बिघडणारे गुण आपोआप निवडले गेले, आणि त्यामुळेच ते वाण पुढे पंजाबातही चालले. मूळ आराखड्यात हे कुठेही नव्हते. आराखडा इतका घट्ट असू नये की अशी गोष्ट घडायला जागाच उरू नये, असे मी म्हणतो ते यासाठी.

मेक्सिकोची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. १९५६ पर्यंत तो देश गव्हात स्वयंपूर्ण झाला हे खरे, पण मेक्सिकोच्या सामान्य माणसाचे रोजचे अन्न मका आहे, आणि कोरडवाहू, डोंगराळ जमिनीवर मका करणाऱ्या लहान शेतकऱ्यापर्यंत त्याच प्रकल्पाचा लाभ फार कमी पोचला. गव्हाचा शेतकरी बागायती, संघटित आणि बाजाराशी जोडलेला होता. एकच संस्था, तीच माणसे आणि तोच पैसा असूनही दोन पिकांत दोन निकाल लागले.

भारतात हा नमुना आला तो मक्याच्या रूपाने. १९५६ मध्ये भारत सरकार आणि रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्यात करार झाला आणि १९५७ मध्ये अखिल भारतीय समन्वित मका सुधार प्रकल्प सुरू झाला. माझ्या मते परदेशी साहाय्याने आपल्या शेतीला दिलेली सर्वांत टिकाऊ देणगी हीच आहे, आणि ती बियाण्याच्या पोत्यात मावणारी नाही. त्यापूर्वी प्रत्येक राज्याचे पैदासकार आपापले वाण आपल्याच प्रक्षेत्रावर पारखत आणि ते उत्तम असल्याचे जाहीर करत. समन्वित प्रकल्पात एकाच आखणीचे प्रयोग अनेक राज्यांत एकाच हंगामात होऊ लागले आणि वर्षातून एकदा सर्वांनी एकत्र बसून आपले आकडे इतरांसमोर ठेवायचे, असा दंडक पडला. या वार्षिक बैठकांना मी पुढे ज्वारीसाठी अनेक वर्षे हजर राहिलो आहे. आपल्या लाडक्या वाणाचा क्रमांक दुसऱ्याच्या शेतावर शेवटून तिसरा आला हे भर सभेत ऐकून घेण्याइतके उपयुक्त प्रशिक्षण मला दुसरे मिळाले नाही.

तरीही मक्याच्या प्रकल्पाने बियाण्याच्या बाबतीत मार खाल्ला. गंगा १, गंगा १०१, रणजित आणि डेक्कन हे पहिले संकरित वाण १९६१ मध्ये प्रसारित झाले, पण राष्ट्रीय बियाणे महामंडळ १९६३ मध्ये स्थापन झाले आणि बियाणे कायदा १९६६ मध्ये आला. संकरित बियाणे दरवर्षी नवे घ्यावे लागते. ते कोण तयार करणार, किती करणार आणि पेरणीच्या आधी तालुक्याला कसे पोचवणार, या प्रश्नांची उत्तरे वाण तयार झाल्यावर शोधायला घेतली गेली. आजही मी वाचतो त्या मसुद्यांत बीजोत्पादनाचा विभाग शेवटच्या पानांवर असतो.

गव्हाची कथा सर्वांना माहीत आहे, म्हणून ती थोडक्यात उरकतो. १९६३ मध्ये बोरलॉग भारतात आले, एम. एस. स्वामिनाथन यांच्यासह त्यांनी गव्हाची शेते पाहिली, मेक्सिकोतील बुटक्या वाणांचे थोडे बियाणे चाचण्यांसाठी आले आणि १९६६ मध्ये १८,००० टन बियाणे आयात झाले. १९६४-६५ मध्ये गव्हाचे उत्पादन सुमारे १ कोटी २३ लाख टन होते, ते १९६७-६८ मध्ये सुमारे १ कोटी ६५ लाख टनांवर गेले. या यशाचे श्रेय वाणाला देताना दोन गोष्टी विसरल्या जातात. एक म्हणजे १९६५ मध्ये कृषी मूल्य आयोग आणि भारतीय अन्न महामंडळ अस्तित्वात आले होते, त्यामुळे जास्त पिकले तर घेणार कोण या प्रश्नाला पंजाबच्या शेतकऱ्यापुरते उत्तर मिळालेले होते. दुसरी गोष्ट रंगाची. मेक्सिकोहून आलेल्या सोनोरा ६४ सारख्या वाणांचा दाणा तांबूस होता आणि आपल्या माणसाला पोळीसाठी पिवळसर, चमकदार गहू लागतो. मंडईत तांबड्या गव्हाला भाव कमी मिळू लागला. मात्र इथे चमूत भारतीय पैदासकार पहिल्यापासून बरोबरीने काम करत होते. त्यांनी गॅमा किरणांचा वापर करून सोनोरा ६४ पासून शरबती सोनोरा काढला आणि बाहेरून आलेल्या साहित्यातून कल्याणसोना व सोनालिका हे पिवळसर दाण्याचे वाण निवडले. ग्राहकाची नापसंती दोन-चार वर्षांत दुरुस्त झाली, कारण ती ऐकायला आणि तिच्यावर काम करायला माणसे जागेवर होती.

ज्वारीत ते इतके सरळ झाले नाही. १९५४ च्या सुमारास टेक्सासमध्ये ज्वारीतील नरवंध्यत्वाचा, म्हणजे ताटाला स्वतःचे कामाचे परागकण नसण्याचा, व्यवहार्य उपयोग हाती आला आणि संकरित ज्वारीचे बियाणे मोठ्या प्रमाणावर तयार करण्याचा मार्ग मोकळा झाला. ती नरवंध्य मादी आपल्याकडे आली, तिच्यावर इथे निवडलेल्या नराचा संकर झाला आणि १९६४ मध्ये सीएसएच-१ हा देशातील पहिला संकरित ज्वारीचा वाण प्रसारित झाला. माझ्या वडिलांनी तो दोन-तीन वर्षांनी पेरला. गावात त्याला कोणी सीएसएच म्हटले नाही. ते आपले 'हायब्रीड'. कमरेला-छातीला लागणारे बुटके ताट, भरगच्च कणीस आणि साधारण १०० दिवसांत हाती येणारे पीक पाहून माणसे बांधावर थांबत. गावरान ज्वारी आठ-दहा फूट वाढायची आणि दिवाळी उलटल्याखेरीज खळ्यावर यायची नाही. खळ्यावर पोती मोजली तेव्हा वडिलांचा आनंद मी पाहिला आहे, म्हणून हायब्रीडला नुसती नावे ठेवणाऱ्यांत मी कधी सामील झालो नाही.

पण गावरान ज्वारी उशिरा का पिकत असे, याचा विचार पिढ्यानपिढ्या कोणीतरी करून ठेवलेला होता. ती दिवस लहान होऊ लागल्यावर फुलते. तुम्ही जूनमध्ये पेरा की जुलैमध्ये, तिचे कणीस पाऊस ओसरल्यावरच बाहेर पडते आणि दाणा कोरड्या हवेत भरतो. हायब्रीडला दिवसाच्या लांबीचे असे बंधन नव्हते. ते आपले दिवस मोजून सप्टेंबरात दाण्यावर येई आणि नेमका त्याच वेळी परतीचा पाऊस कणसांवर पडे. दाण्यावर बुरशी चढून ज्वारी काळी पडू लागली. काळ्या ज्वारीला बाजारात भाव नसे, तिची भाकरी कडवट लागे. पेरणी लांबवावी तर खोडमाशी कोवळी पोंगे मारून टाकी. ज्या लवकर येण्याचे प्रसारपत्रकांत कौतुक होते, तेच लवकर येणे पावसाळी वर्षात पिकाच्या मुळावर उठले.

आणि कडबा. बुटके ताट वाऱ्याने लोळत नाही आणि दिलेले खत दाण्यात उतरवते, म्हणून ते चांगले. हे शास्त्र बरोबर आहे. मात्र आमच्या घरी तेव्हा दोन बैल, एक म्हैस आणि दोन गाई होत्या. पोती वाढली त्या वर्षी बुचाड, म्हणजे कडब्याची गंजी, निम्म्याने लहान झाले आणि उन्हाळ्यात वडिलांना शेकड्याच्या भावाने कडबा विकत घ्यावा लागला. त्यातही हायब्रीडचा कडबा जनावरे गावरानाइतक्या आवडीने खात नसत, ही आईची तक्रार होतीच. पुढच्या वर्षी त्यांनी निम्म्या रानात हायब्रीड आणि निम्म्यात गावरान पेरले. प्रयोगशाळेच्या भाषेत याला 'अपूर्ण स्वीकार' म्हणतात, आणि मी नोकरीला लागलो तेव्हा त्याचे कारण प्रबोधनाचा अभाव असे अहवालात लिहिले जाई. वडिलांचे प्रबोधन भरपूर झाले होते. त्यांचा हिशोब आमच्या अहवालापेक्षा एका रकान्याने मोठा होता, एवढेच.

पुढच्या पिढीतील संकरित वाणांनी, विशेषतः सीएसएच-५ आणि सीएसएच-९ यांनी, यातले बरेच दोष कमी केले. ताट थोडे उंच झाले, दाणा सुधारला, आणि खरिपात हायब्रीड ज्वारी महाराष्ट्रात मोठ्या क्षेत्रावर पसरली. म्हणजे जमिनीवरून आलेली तक्रार आराखड्यात शिरली की ती दूर करता येते. मात्र भाकरीच्या पसंतीत खरिपाची ज्वारी एकदा मागे पडली ती पडलीच, आणि बाजार बदलल्यावर सोयाबीनने तिची जागा घेतली. रब्बीत तर मंगळवेढ्याच्या, बार्शीच्या शेतकऱ्याने हायब्रीडला फारसे दारात उभेच केले नाही. मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेली मालदांडी ३५-१ स्वातंत्र्याच्या आधीची. तिचा टपोरा, मोत्यासारखा दाणा आणि गोड कडबा या दोहोंची बरोबरी एकत्रितपणे करणे पुढच्या वाणांना फार जड गेले. 'हायब्रीड' हा शब्द मराठीत निकस, बेचव किंवा ताकद नसलेल्या गोष्टीसाठी शिवीसारखा वापरला जातो, तो कुठल्या कोशकाराने बसवलेला नाही. तो ताटातून आला आहे.

बाजरीचा धडा वेगळा आहे, पण तो टाळता येत नाही. अमेरिकेतील टिफ्टन येथून आलेल्या एका नरवंध्य मादीवर आधारित एचबी-१ हा वाण १९६५ मध्ये आला, उत्पादन झपाट्याने वाढले, आणि त्याच मादीवरचे पुढचे वाणही सर्वत्र पेरले गेले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला गोसावी रोगाची साथ आली तेव्हा सगळी बाजरी एकाच आईची लेकरे होती. कणसाच्या जागी पानांचा झुपका घेऊन उभी असलेली शेते ज्यांनी पाहिली, त्यांना जनुकीय वैविध्यावर व्याख्यान देण्याची गरज उरली नाही. आराखडा करताना एका यशस्वी मादीवर सारा प्रकल्प उभा करण्याचा मोह आवरणे कठीण असते, कारण अर्थसाहाय्य देणाऱ्याला तिसऱ्या वर्षी क्षेत्रवाढीचा आकडा हवा असतो.

वर्षांचा हा प्रश्नही मी विद्यार्थ्याला स्पष्ट लिहिला आहे. संकर करण्यापासून वाण प्रसारित होईपर्यंत साधारण आठ-दहा वर्षे जातात आणि प्रकल्प पाच वर्षांचा असतो. मग पाच वर्षांत दाखवता येईल असे काहीतरी आणले जाते, म्हणजे बहुधा दुसऱ्या देशात तयार झालेला वाण. तो आणू नये असे मी म्हणणार नाही; आपला गहू तसाच आला. पण त्या पाच वर्षांत तिथले किती पैदासकार आणि किती प्रयोग सहायक तयार होतील, त्यांचा पगार सहाव्या वर्षी कोणाच्या अंदाजपत्रकात असेल, आणि तज्ज्ञ विमानात बसल्यावर वार्षिक बैठक कोण बोलावणार, हे त्याच मसुद्यात रुपयांत किंवा तिथल्या बिरमध्ये लिहिलेले असले पाहिजे. त्याच्या चाळीस पानांत वाहनांसाठी दीड पान होते आणि स्थानिक प्रयोग सहायकांसाठी चार ओळी.

मी आणखी एक विनंती केली. पायाभूत पाहणीची प्रश्नावली तयार आहे, ती छापण्यापूर्वी तिथल्या दहा घरांत नुसते बसून यावे. ताटाचे, चुलीचे आणि गोठ्याचे काय चालते ते पाहावे, आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईला दाण्याबद्दल विचारावे. त्या भागात शेतकरी ज्वारी दाट पेरतात आणि विरळणी करताना काढलेली रोपे जनावरांना घालतात, एवढे मला वाचून माहीत होते. शिफारस मात्र हेक्टरी रोपांची संख्या नेमकी ठेवून टोकण करण्याची होती. त्या नेमक्या संख्येत गुरांची पावसाळ्यातली वैरण बसत नाही. टारफुल्याचा, म्हणजे ज्वारीच्या मुळांवर जगणाऱ्या तणाचा, बंदोबस्त हा मसुद्यातील सर्वांत चांगला भाग होता आणि त्यात मी एक शब्दही बदलायला सांगितला नाही.

परवा त्याचे उत्तर आले. पहिल्या तक्त्यात त्याने नवा रकाना घातला आहे: दर हेक्टरी वाळलेले ताट, किलोग्रॅममध्ये. तो अजून कोरा आहे, कारण तिथल्या अधिकृत आकडेवारीतून त्याला काही मिळाले नाही. पुढच्या हंगामात तो स्वतः दोरी आणि काटा घेऊन जाणार आहे, आणि तुकडा किती मोठा आखावा असे त्याने विचारले आहे. दहा बाय पाच, असे मी कळवले, आणि दोरी ताटाला टेकेल तिथे ते ताट बाहेर धर.